फोंड्यातला लॉजिकल रिझनिंगचा क्लास लावावा का? माझा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, ज्यांना शंभर ट्रिक्स पाठ करून परीक्षा काढायचीय त्यांच्यासाठी हा क्लास नाही. पण पॅसेज वाचला, कळलाही, तरी चार ऑप्शनमधले दोन सारखेच बरोबर वाटतात आणि टिक नेमकी चुकीच्यावर जाते असं ज्यांचं होतं, त्यांनी पुढे वाचा, कारण तेच दुखणं इथे बरं होतं.

क्लास गोव्यातल्या फोंड्यात, तिस्क नावाच्या भागापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एका निवृत्त मास्तरांच्या घरी. सर हायर सेकंडरीत शिकवायचे, आता घरच्या बाल्कांवात (पुढच्या ओसरीत) आणि आतल्या हॉलमध्ये मुलं बसवतात. नाव मुद्दाम देत नाही, त्यांना जाहिरात अजिबात आवडत नाही, बोर्डसुद्धा लावलेला नाही. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी वर्ग असतात, फी तीन महिन्यांच्या बॅचची चार हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं मिसळून शिकवतात. माझ्या बॅचला क्लॅटची (लॉच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणारी बारावीची मुलं होती, बँकेच्या परीक्षा देणारे होते, मिरामारच्या लॉ कॉलेजमधली एक मुलगी होती आणि एक काका होते जे कुठलीच परीक्षा देणार नव्हते, ते फक्त ऐकायला यायचे. मी स्वतः नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षांची तयारी करतेय आणि माझा मावसभाऊ क्लॅट देणार होता म्हणून आम्ही दोघांनी एकत्र नाव घातलं.

त्याआधी आम्ही दोघांनी एका मोठ्या ॲपचा कोर्स घेतला होता, त्याबद्दल दोन शब्द, म्हणजे फरक कळेल. तिथे प्रत्येक व्हिडिओत एक शॉर्टकट. ऑप्शनमध्ये 'फक्त', 'नेहमी', 'सर्व' असे टोकाचे शब्द आले की ऑप्शन सरळ उडवा, हा त्यातला एक. पण प्रश्नात आधीच लिहिलंय की 'फक्त सभासदांनाच प्रवेश', आणि ऑप्शन म्हणतोय 'जो सभासद नाही त्याला प्रवेश नाही', तर तो टोकाचा असला तरी शंभर टक्के बरोबर आहे, उडवायचा कशाला? उलट 'सभासद आहे म्हणजे प्रवेश मिळणारच' हा दिसायला सौम्य ऑप्शन चुकीचा, कारण सभासद असणं गरजेचं आहे एवढंच सांगितलंय, तेवढं पुरेसं आहे असं कुणी म्हटलेलं नाही, कदाचित वर्गणीपण भरलेली लागत असेल. ही गोष्ट सरांनी पहिल्याच वर्गात दहा मिनिटात सांगितली. ॲपवर हे कुणी समजावलंच नव्हतं.

आता मुख्य शिकवणं कसं आहे ते. सुरुवातीचे सगळे वर्ग एकाच गोष्टीवर जातात, निष्कर्ष कुठला ते शोधा. फक्त निष्कर्ष. बाकी काही करायचं नाही. सर वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रं, सरकारी नोटिसा, दुकानाच्या जाहिराती कापून झेरॉक्स करून आणतात आणि म्हणतात, 'हो माणूस तुमकां शेवटीं कितें मानूंक सांगता?' म्हणजे हा माणूस शेवटी तुम्हाला काय मान्य करायला लावतोय, त्याच्याखाली रेघ मारा. वाटतं सोपं आहे, पण बॅचमधल्या निम्म्या लोकांनी पहिल्या दिवशी शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली होती, कारण निष्कर्ष शेवटी येतो असं सगळ्यांच्या डोक्यात असतं. पत्रात तो बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत असतो, 'बाजारातलं पार्किंग ताबडतोब बंद करावं', आणि मग खाली कारणांची रांग. कधीकधी तर तो लिहिलेलाच नसतो, वाचणाऱ्यानं काढायचा असतो. निष्कर्ष हातात आला की मग एकच प्रश्न, 'कित्याक?', म्हणजे का? त्या कित्याकचं जे उत्तर पत्रात सापडतं ती आधारविधानं. उरलेलं सगळं, म्हणजे पार्श्वभूमी, राग, 'सुज्ञ वाचकांना सांगायला नकोच' वगैरे, बाजूला. क्लॅटचा पॅसेज साधारण साडेचारशे शब्दांचा असतो आणि त्यातली खरी चौकट पाचसहा ओळींत मावते हे मला या रेघा मारण्यानं दिसायला लागलं. मावसभाऊ तर आता घरी आईनं काही सांगितलं की 'कित्याक?' विचारतो, त्याचा मावशीला त्रास होतो तो भाग वेगळा.

यानंतर येतं ते गृहीतक, असम्प्शन. माझ्या मते या क्लासचा सगळ्यात भक्कम भाग हाच. सर म्हणतात युक्तिवादाचे तीन भाग आहेत, दोन दिसतात आणि एक दिसत नाही. न दिसणाऱ्यावरच परीक्षक प्रश्न काढतो आणि भांडणंही तिथूनच सुरू होतात. त्यांनी फळ्यावर लिहिलेला नमुना जसाच्या तसा देते: 'त्या जंक्शनवर सिग्नल बसवला. पुढच्या वर्षी तिथले अपघात निम्म्यावर आले. तेव्हा तालुक्यातल्या सगळ्या जंक्शनांवर सिग्नल बसवावेत.' ऐकायला किती बरोबर वाटतं! आता सगळ्यांनी एकेक गृहीतक सांगायचं. कोण म्हणालं सिग्नलमुळेच अपघात कमी झाले असं धरलंय, कोण म्हणालं बाकीची जंक्शनं या जंक्शनसारखीच आहेत असं धरलंय, बँकवाल्यांपैकी एकजण म्हणाला सिग्नल बसवायला पैसे आहेत असं धरलंय. मग सरांनी तपासणी शिकवली. जे गृहीतक वाटतंय ते उलटं करून वाक्यात घाला आणि बघा निष्कर्ष उभा राहतो का. 'बाकीची जंक्शनं या जंक्शनसारखी नाहीत' असं घातलं तर सगळीकडे सिग्नल लावायच्या सल्ल्याखालची जमीनच जाते, म्हणजे हे खरं गृहीतक. 'सध्या पैसे नाहीत' असं घातलं तर? सिग्नल बसवायला हवेत हे तरीही खरं असू शकतं, फक्त उशीर होईल, म्हणजे या युक्तिवादाला त्याची तितकी गरज नाही. त्यावर बराच वेळ वाद झाला, कारण 'बसवावेत' या सल्ल्यात 'बसवणं शक्य आहे' हे येतंच असं लॉ कॉलेजवालीचं म्हणणं होतं, आणि सरांनी तिचं म्हणणं खोडलं नाही, परीक्षेत ऑप्शन कसे दिलेत त्यावर ठरेल म्हणाले. असं सरळ सांगणारा शिक्षक मला आवडतो.

त्याच उदाहरणात आणखी एक होतं जे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. सिग्नल कुठे बसवतात? जिथे त्या वर्षी फार अपघात झालेत तिथे. आणि एखाद्या वर्षी अपघात खूप झाले असतील तर पुढच्या वर्षी काहीही न करतासुद्धा आकडा खाली यायची शक्यता जास्त असते, कारण ते वर्षच वाईट होतं. म्हणजे सिग्नलनं काहीच केलं नाही असं नाही, पण किती केलं हे एका आकड्यावरून कळत नाही, न बसवलेल्या तशाच जंक्शनांशी तुलना करायला हवी. हे ऐकल्यापासून मला ते दिसतंच राहतं, औषधांच्या जाहिरातीत, शाळेच्या निकालात, कुठेही.

जर-तरचा भाग. इथे सरांनी मांडवी नदीवरची मालिम जेटी घेतली, जिथे मासेमारीचे ट्रॉलर लागतात. गोव्यात पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंदी असते हे सगळ्यांना माहीत. तर नियम: मासेमारी बंदी असेल तर ट्रॉलर जेटीवर असतात. आता कुणी म्हणालं बंदी आहे, म्हणून ट्रॉलर जेटीवर असतील, बरोबर. ट्रॉलर जेटीवर नाहीत, समुद्रात आहेत, म्हणून बंदी नाही, हेही बरोबर. पण ट्रॉलर जेटीवर आहेत म्हणून बंदी आहे? नाही. वादळाचा इशारा असेल, डिझेलचा प्रश्न असेल, खलाशी गावी गेले असतील. आणि बंदी नाही म्हणून ट्रॉलर समुद्रात असतील, हेही त्याच कारणानं चूक. चार वाक्यं, दोन पक्की, दोन कच्ची. पूर्वांग (जरचा भाग) आणि उत्तरांग (तरचा भाग) हे शब्द नंतर सांगितले, आधी जेटी डोक्यात बसवली. माझ्यासारख्या रोज मांडवी पुलावरून जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट विसरणं अशक्य आहे, परीक्षेत जरकडून तरकडे बाण काढायच्या आधी मी जेटीच आठवते.

मग पत्ते. हा प्रयोग पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली मांडला, जगभर प्रसिद्ध आहे. टेबलावर चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे तपासायला कुठले पत्ते उलटवाल? आमच्या वर्गात जवळजवळ सगळे म्हणाले अ आणि ४. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ उलटवून काही मिळत नाही, मागे स्वर असो की व्यंजन, नियमाला धक्का लागत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला. वेसनच्या मूळ प्रयोगातही फार थोड्या लोकांना जमलं होतं. मग सरांनी तेच तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात नेलं. चार माणसं बसलीत, एकजण फेणी पितोय, एकजण सोडा, एकजण सोळा वर्षांचा आहे, एकजण चाळिशीचा. नियम, फेणी पीत असेल तर वय अठरा तरी पाहिजे. कुणाला तपासाल? सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला फेणीवाल्याचं वय आणि सोळा वर्षांच्या पोराचा ग्लास! गणित तेच, एकही पायरी वेगळी नाही. हा बदलसुद्धा संशोधकांनी तपासलाय, अमेरिकेत १९८२ साली बिअर आणि वयाचा नियम देऊन विचारलं तेव्हा बहुतेकांना बरोबर उत्तर आलं. म्हणजे डोकं कमी पडत नाही, प्रश्नाचा पोशाख बदलला की गोंधळ होतो, आणि मग सराव कशाचा करायचा हे आपोआप कळतं. कोरडा प्रश्न आला की त्याला ओळखीच्या माणसांत आणून सोडवायचा. माझा मावसभाऊ हे सर्रास करतो आणि त्याचा स्पीड त्यामुळे वाढला.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रावर, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रावर, दोन वर्ग झाले. मला भीती होती की 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' अशी भाषणं ऐकावी लागतील, तसं काही झालं नाही, सरळ कामाचं शिकवलं. युक्तिवादाचे पाच अवयव, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच धुराचा. म्हणून डोंगरावर आग आहे. ग्रीक पद्धतीत तीन वाक्यांत भागतं, इथे पाच, आणि सरांच्या मते जादाची दोन वाक्यं फुकट नाहीत कारण हा युक्तिवाद समोरच्या माणसाला पटवायसाठी आहे. आधी काय सिद्ध करणार ते सांगा, नियमाला त्याच्या ओळखीचं उदाहरण द्या, नियम इथे कसा लागू पडतो ते दाखवा आणि मगच शेवट करा. निबंधाच्या उत्तराला हा साचा इतका छान बसतो की मी मुख्य परीक्षेची उत्तरं आता अशीच लिहिते.

मजा पुढे आली. सरांनी विचारलं, जिथे धूर तिथे आग, मग जिथे आग तिथे धूर म्हणता येईल का? न्यायवाल्यांनी याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय, लाल तापलेला लोखंडाचा गोळा. आग आहे, धूर नाही. धूर यायला लाकूड ओलं लागतं. ही अट लपलेली असते, तिला ते उपाधी म्हणतात. बघा, मालिम जेटीचा दुसरा अर्धा भाग हाच, नियम उलटा वाचायचा नाही! आणि आमच्या बाजूचं म्हणाल तर जुलैत फोंड्याच्या डोंगरांवरून जे पांढरं वर चढत असतं ते धूर की धुकं? तेच नक्की नसेल तर आग सिद्ध कशी होणार. हेतूच, म्हणजे दिलेलं कारणच, संशयास्पद असला तर अनुमान तिथेच अडतं, याला संदिग्धासिद्ध म्हणतात आणि जुन्या ग्रंथांत उदाहरणही जवळजवळ हेच आहे, वाफ की धूर. हेत्वाभासांचे, म्हणजे सदोष कारणांचे, पाचही प्रकार घेतले पण मला हा एवढा नीट कळला, बाकीचे घाईत झाले असं माझं मत.

आता या क्लासमधला मला सगळ्यात जास्त भावलेला वर्ग. जनमत कौल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावर झालेलं मतदान. गोव्यातल्या मराठी माणसांच्या वर्गात १६ जानेवारी १९६७ चा विषय काढायला धाडस लागतं. आमच्यातल्या कुणाच्या आजोबांनी फुलावर (विलीनीकरणाच्या चिन्हावर) मत दिलेलं, कुणाच्या दोन पानांवर (वेगळं राहण्याच्या चिन्हावर), आणि घराघरात त्याच्या गोष्टी अजून आहेत. आमच्या घरी फूल होतं. सरांनी आधीच सांगितलं की कोण बरोबर होतं हे आज ठरवायचं नाही, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद उभे करायचे आणि ज्याच्या घरी जी बाजू होती त्यानं विरुद्ध बाजू मांडायची, तीही अशी की त्या बाजूचा माणूस ऐकून म्हणेल हो, मला हेच म्हणायचं होतं. मला दोन पानं आली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाजूची कारणं नीट रांगेत लावली, मोठ्या राज्यात गेल्यावर एवढ्याशा मुलखाचं कोण ऐकणार, कोंकणीचं काय होणार, जमिनी आणि नोकऱ्या कुणाकडे जाणार. माझं मत त्यानं बदललं का ते इथे सांगत नाही, पण ती बाजू रागावून नाही तर कारणं देऊन बोलत होती हे मला तेव्हा कळलं.

त्यातला एक युक्तिवाद आम्ही पूर्ण सोडवला. डिसेंबर १९६३ ला गोव्यात पहिली निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तेव्हा असं म्हटलं जायचं की लोकांनी मगोला निवडून दिलं, म्हणजे लोकांना विलीनीकरण हवंय. निष्कर्ष, लोकांना विलीनीकरण हवंय. आधार, मगो जिंकला. लपलेलं काय? मगोला मत देणाऱ्यांनी विलीनीकरणासाठीच मत दिलं. हे उलटं करून बघा, मगोला मत देणाऱ्यांतले बरेच जण दुसऱ्या कारणासाठी मत देत होते, मग निष्कर्ष उभा राहत नाही. आणि पुढे इतिहासानंच ही तपासणी करून दाखवली, कौलात विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० आणि वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं पडली, फरक ३४,०२१ चा, आणि त्यानंतर लगेच मार्च १९६७ च्या निवडणुकीत लोकांनी मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवलं! विलीनीकरण नको म्हणणाऱ्या मतदारांनी विलीनीकरणवाला पक्ष निवडला. म्हणजे कुळांचे प्रश्न होते, शाळा होत्या, बहुजन समाजाचा आत्मसन्मान होता, पक्षाला मत देण्याची पुष्कळ कारणं होती.

इथे ते न परीक्षावाले काका उठले. म्हणाले, मास्तर, एवढ्यावरून तसं सिद्ध होत नाही, जानेवारीत मतदानाला आलेले आणि मार्चमध्ये आलेले तेच लोक होते कशावरून, आणि निवडणुकीत विरोधी मतं वाटली गेली असतील तर कमी मतांतही पक्ष जिंकतो. सरांचा चेहरा मी विसरणार नाही, इतका आनंद झाला त्यांना. फळ्यावर तेही लिहिलं. म्हणाले आता आपलं विधान थोडं खाली उतरवूया, 'सिद्ध झालं' असं न म्हणता 'या दोन निकालांशी जुळतं' असं म्हणूया. मला वाटतं त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला विधानाचा जोर किती ठेवायचा हे कळलं. परीक्षेतही निम्मे चुकीचे ऑप्शन याच जागी चुकीचे असतात, पॅसेज म्हणतो 'काही वेळा' आणि ऑप्शन म्हणतो 'म्हणून नेहमी'.

याच वर्गात शेवटी वाद, जल्प आणि वितंडा सांगितलं. खरं काय ते शोधायला बोलतात तो वाद, जिंकायला बोलतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं मोडत राहणं ती वितंडा. सर तर्कदोषांची नावं पाठ करू देत नाहीत. विचारलं तर म्हणतात नाव फेकून मारायला येतं, आधी सांग कुठलं वाक्य कुठल्या वाक्यावर उभं राहत नाही. सुरुवातीला मला हे पटलं नव्हतं कारण बँकेच्या काही प्रश्नांत नावं विचारतात, पण आता त्यांचंच बरोबर वाटतं, नावं काय एका रविवारी पाठ होतात.

आता कमतरता, आणि त्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे टायमर नाही. क्लॅटला दोन तासांत १२० प्रश्न असतात, त्यात लॉजिकलचे २२ ते २६, चुकलं की पाव मार्क जातो, आणि इथे एका पॅसेजवर अख्खा तास बसायची सवय लागते. मॉक टेस्ट सर घेत नाहीत, बाहेर लावा म्हणतात. मावसभावाला दुसरीकडे टेस्ट सिरीज लावावी लागली, तो खर्च धरूनच हिशोब करा. सीसॅटवाल्यांना (यूपीएससी पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) हा त्रास कमी, तिथे ८० प्रश्न आणि ३३ टक्के मिळाले की पास, पण चुकीला एकतृतीयांश मार्क जातात त्यामुळे अंदाजानं टिक मारणं बंद करायला या क्लासचा उपयोग होतो. दुसरं, सीटिंग अरेंजमेंट, रक्ताची नाती, कोडिंग हे प्रकार शेवटच्या आठवड्यांत उरकतात. सरांना त्यात रस नाही हे दिसतं. बँकेच्या परीक्षेला त्यावर भरपूर प्रश्न असतात, तेव्हा बँकवाल्यांनी फक्त या क्लासवर राहू नये, माझं स्पष्ट मत. तिसरं, शिकवणं मराठी-कोंकणीत आणि क्लॅटचा पेपर इंग्रजीत. संकल्पना पक्की होते पण इंग्रजीतली लांब वाक्यं फोडायचा सराव तुमचा तुम्हालाच करावा लागतो. इंग्रजी मीडियमच्या एकदोन मुलांना सुरुवातीला उलटाच त्रास झाला, आधारविधान, व्याप्ती वगैरे शब्द अंगावर आले, पण सर परत सांगायला कंटाळत नाहीत.

बाकी बारीकसारीक. चारचाकी आणू नका, लावायला जागा नाही. पावसात लाईट जाते आणि मग बाल्कांवात बसून वर्ग चालू राहतो. नोट्स सरांच्या हातच्या, झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानं वाचता येत नाहीत, जुन्या बॅचच्या कुणाकडून फोटो मागून घ्या. रेकॉर्डिंग नाही, करूही देत नाहीत, वर्ग चुकला की चुकला. आणि आकडेवारीवरचे युक्तिवाद, सर्व्हे, सॅम्पल या भागाला आणखी वेळ द्यायला हवा. सिग्नलचं उदाहरण इतकं छान घेतलं, तसंच सर्व्हेचं घेतलं असतं तर! ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यावरून ज्यांनी दिलं नाही त्यांच्याबद्दल बोलता येत नाही एवढं सांगून पुढे गेले. मी सरांना हे बोलून दाखवलंय, पुढच्या बॅचला घालतो म्हणाले.

पैसे वसूल आहेत का? माझ्यापुरतं तरी नक्की. त्या ॲपला याच्या तिपटीहून जास्त दिले होते. मावसभावाचे लॉजिकलचे मॉकमधले मार्क चढले, मुख्य म्हणजे चुकलेला प्रश्न का चुकला हे त्याला स्वतःला सांगता येतं, पूर्वी तो सोल्युशनचा व्हिडिओ बघायचा आणि मान हलवायचा. पाचपैकी चार देईन, एक मार्क टायमरचा कापला.

पुढची बॅच चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सुरू होते. फॉर्म नाही, ऑनलाईन पेमेंट नाही, थेट घरी जाऊन नाव सांगायचं, तिस्कावर कुठल्याही जुन्या स्टेशनरीच्या दुकानात लॉजिकवाले मास्तर विचारलं की घर दाखवतात. पहिले दोन वर्ग फुकट बसू देतात, पटलं तरच फी. जाताना त्या आठवड्याच्या पेपरमधलं एखादं वाचकाचं पत्र कापून न्या, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी त्यातला निष्कर्ष शोधायला लावतात.